उर्वीचा साचा

रविवार, दुपारचे अडीच. जेवण थोडं जास्तच झालंय. मी सोफ्यावर आडवी होते, फक्त पाठ टेकायला. झोपायचं नाहीये. पोटावर एक कागद आहे, पंख्याच्या वाऱ्याने त्याचा कोपरा फडफडतो, म्हणून मी त्यावर हात ठेवते.

कागदावर यादी आहे. मी खेळण्यांच्या एका कंपनीत काम करते. कोणतं खेळणं बनवायचं आणि कोणतं नाही हे आम्ही तिघं ठरवतो, शेवटचा शब्द साहेबांचा. या वेळी अंतराळवीरांचा संच निघणार आहे. आमच्या तस्नीमने सात आकृत्या काढल्या होत्या. साचे सहाच होणार, म्हणून शुक्रवारी मी सातवीवर काट मारली. तिचं नाव मंदा. यानात भाजीपाला पिकवणारी, साठीची बाई. हातात शस्त्र नाही, बटणं दाबायचं यंत्र नाही, नुसती ओंजळभर माती.

"हिला कोण घेणार गं?" मी तस्नीमला म्हणाले.

ती कागद गोळा करून उठली.

आज संध्याकाळपर्यंत यादी पाठवायची आहे. एकदा वाचून सही करते, असं मी मनाशी म्हणते. डोळे मिटतात. पुन्हा उघडते. पुन्हा मिटतात. पंख्याचा आवाज हळूहळू बदलत जातो, धाप लागल्यासारखा होतो. दाबतो, थांबतो, सुटतो. हा पंखा नाही. प्लॅस्टिकची खेळणी साच्यातून पाडणाऱ्या मशीनचा आवाज आहे हा.

"ऊठ बाय. चहा गार होतोय."

माझ्या पायाशी पास्कलकाका बसलेत. खाकी अर्धी विजार, बनियन, कपाळावर सरकवलेला चष्मा. ते जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

पास्कल लोपीस वसईचे. चौतीस वर्षं त्यांनी खेळण्यांचे साचे कोरले. मी लहान असताना टीव्हीवर 'नौका तेरा' नावाची अंतराळातली मालिका लागायची आणि तिच्यातल्या माणसांच्या बोटभर उंचीच्या आकृत्या बाजारात मिळायच्या. कॅप्टन, वैमानिक, चार हातांचा शत्रू, यंत्रमानव, इतकंच काय, यानातला कुत्रासुद्धा. मिळायची नाही ती एकटी उर्वी. उर्वी कानांना हेडफोन लावून यानाच्या रेडिओपाशी बसायची. दूरच्या ग्रहांवरून येणारे आवाज ऐकायची, आणि बाकीचे बंदुका उगारायचे तेव्हा ही आधी उत्तर द्यायची. नऊ वर्षांची मी तिच्यासाठी दुकानं पालथी घालत होते. पुढे मोठी झाले, नोकरीला लागले, तो सगळा संच एकेक करून जमवला, आणि उर्वी का नाही हे विचारत विचारत शेवटी काकांच्या दारात पोचले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, की उर्वीचा साचा अर्धा कोरून झाला होता. मग वरून निरोप आला: बाईची आकृती मुलगे घेत नाहीत आणि मुली असली खेळणी घेत नाहीत. काम थांबवा.

"मी खूप भांडलो त्या दिवशी," असं ते म्हणाले होते. त्यानंतर अकरा वर्षं मी दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जात राहिले. त्या एका वाक्यासाठी मला ते फार आवडायचे.

"काका, तुम्ही तर..."

"हो, गेलो." ते बशीत चहा ओततात. "ते आता नको काढू. मला दाखवायचंय तुला काहीतरी. चप्पल घालू नकोस, ओलं आहे."

मी सोफ्यावरून पाय खाली सोडते तर खाली ओली वाळू. भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीला असते तशी, गार, घट्ट. सोफा मागे कुठेतरी राहतो. आम्ही चालतोय आणि दोन्ही बाजूंना केळीची बाग आहे, आणि केळीच्या पानांमागे मशीनं आहेत, रांगेने, हिरव्या सावलीत, चालू. कुणी चालवत नाहीये. काका एका मशीनच्या अंगावरून हात फिरवत जातात, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"दुपार आहे ना?" मी विचारते.

"इथे कायम दुपारच असते. काम करायला बरं पडतं."

बाग संपते आणि शेड सुरू होते. कंपनीची असते तशीच साधी शेड, पत्र्याच्या भिंती, लोखंडी फळ्या. पण या शेडला छप्पर नाही, आणि फळ्या वर जातात त्या जातच राहतात. मी मान मागे टाकते. आणखी मागे टाकते. भर दुपारच्या निळ्या आकाशात तारे दिसतायत आणि फळ्या त्यांच्याही पलीकडे गेल्या आहेत.

प्रत्येक फळीवर आकृत्या उभ्या आहेत.

मी जवळच्या फळीपाशी जाते. एकही ओळखीची नाही. तीस वर्षं मी हीच खेळणी जमवतेय, जगातल्या कुठल्याही कंपनीची आकृती हातात दिलीत तर साल सांगेन. यातली एकही मी पाहिलेली नाही. यानातला स्वयंपाकी आहे, कढईसकट. कानामागे ऐकण्याचं यंत्र लावलेला वैमानिक आहे. खलनायकाची आई आहे, पदर खोचून, कुणाला तरी ओरडायला निघालेली. एक म्हातारा यंत्रमानव आहे, त्याच्या गुडघ्याला कुणीतरी पट्टी बांधली आहे.

"या कुठल्या कंपनीच्या?"

"कुठल्याच नाहीत." काका चष्मा डोळ्यांवर घेतात. "ज्या कुणा पोराने मागितल्या आणि कुणीच केल्या नाहीत, त्या सगळ्या इथे आहेत. तो यंत्रमानव बघ. साताऱ्याच्या एका मुलाला हवा होता. त्याच्या आजोबांचा गुडघा दुखायचा."

"तुम्हाला कसं कळतं?"

"हातात घेतली की कळतं."

मी हात पुढे करते, पण हात लावायचा धीर होत नाही. वाकून बघते. पट्टीची गाठ दिसते, गाठीतून निघालेला एक दोरा दिसतो. आणि त्या इवल्या छातीची हळूच होणारी वरखाली. मी श्वास रोखते. मग दुसरीकडे बघते, तिसरीकडे बघते. सगळे श्वास घेतायत. एवढी मोठी शेड, लाखो आकृत्या, कोट्यवधी असतील, आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज येतोय, लांबून ऐकू येणाऱ्या समुद्रासारखा. इतका वेळ मी त्याला समुद्रच समजत होते.

माझे पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतले आहेत. मला रडू येत नाहीये, भीती वाटत नाहीये. लहानपणी पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र पाहिला होता तेव्हा मी बोलायचं विसरले होते. तसं झालंय.

"वर बघ," काका म्हणतात.

वरच्या फळ्यांवरच्या आकृत्या मोठ्या आहेत. माणसाएवढ्या, मग माडाएवढ्या, आणि त्याहून वर असलेल्यांचे नुसते पाय दिसतात, ढगांत गेलेले.

"त्या मोठ्या का?"

"जास्त पोरांनी मागितल्या म्हणून."

काका चालता चालता थांबतात. खालच्या फळीपाशी एक जागा आहे, ओली, नुकतीच पुसल्यासारखी. तिथे एक आकृती उभी आहे. पिकलेले केस, गुडघ्यापर्यंत दुमडलेला अंतराळवीराचा पोशाख, ओंजळीत माती. मातीतून एक कोंब वर आलाय. तो तस्नीमच्या चित्रात नव्हता.

"ही शुक्रवारी आली," काका म्हणतात.

मी वाकून त्या कोंबाकडे बघते.

"कुणी पाठवली ते विचारत नाही मी."

"मी पाठवली," मी म्हणते. "काका, मीच काट मारली. तस्नीम समोर बसली होती आणि मी म्हणाले, हिला कोण घेणार. तुमच्या साहेबांनी उर्वीबद्दल म्हटलं तसंच."

मला वाटतं, ते आता रागावतील. ज्यांनी उर्वीसाठी भांडण केलं त्यांच्यासमोर मी ही अशी उभी. पण काका वाळूत बसतात, गुडघे हातांनी धरून.

"मी तुला फोन केला होता," ते म्हणतात. "शेवटच्या आठवड्यात. सांगायचंय, ये, म्हणालो होतो."

"मी प्रदर्शनात अडकले होते. पुढच्या आठवड्यात येते म्हणाले."

"हं."

"आले ती थेट चर्चमध्येच आले, काका. काय सांगायचं होतं?"

"मी भांडलो नव्हतो."

मशीनं थांबतात. सगळी एकदम.

"निरोप आला. मी ठीक आहे म्हणालो. पोलाद वाया घालवू नका, त्यातच कुत्रा कोरा म्हणाले, तर त्यालाही ठीक आहे म्हणालो. साचा मशीनवर चढवला आणि आधी चेहरा खोदून काढला, म्हणजे बाकीचं करताना तिच्याकडे बघावं लागणार नाही. अर्ध्या तासाचं काम. मग डबा खाल्ला." ते वाळूत बोटाने रेघ ओढतात. "तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा तुझा चेहरा बघून भांडलो म्हणालो. मग अकरा वर्षं ते परत घेता आलं नाही."

मला काय वाटायला हवं होतं, कुणास ठाऊक. मला इतकंच दिसतं, की वाळूतली त्यांची रेघ वाकडी गेलीय. त्यांची रेघ कधीच वाकडी जायची नाही. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे काका, चष्मा न लावता. मी त्यांच्याशेजारी बसते.

"मला राग नाही आला," मी म्हणते.

"येऊ दे थोडा. चालेल."

"थोडा आलाय."

ते हसतात. वरचे दोन दात नाहीत, तिथली फट दिसते. ते उठतात, मला हात देऊन उठवतात, आणि आम्ही शेडमध्ये नसतो. माझ्या शाळेच्या मैदानावर असतो, प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचो त्या जागी, आणि मैदानाच्या मधोमध एकच मशीन आहे. काका त्याच्या तोंडाशी रिकामं पोतं धरतात. वरून तारे निसटायला लागतात. सुपात तांदूळ पडावेत तसा आवाज करत ते पोत्यात पडतात, पांढरे, पारदर्शक, मशीनमध्ये वितळवायला घालतात त्या प्लॅस्टिकच्या दाण्यांएवढे. काही माझ्या केसांत पडतात. उबदार आहेत.

"साचा तर तुम्ही मोडलात," मी म्हणते.

"नवा केला. इथे आल्यापासून तेवढंच केलं. या वेळी घाई नव्हती कुणाला."

ते दाणे ओततात. मशीन दाबतं. मी मनात आकडे मोजायला लागते, पण आकडे सापडत नाहीत, मोजायला नुसते श्वासच आहेत. मशीन थांबतं. काका दोन्ही हातांनी साच्याचे भाग अलग करतात, पुस्तक उघडावं तसे, आणि आतून जो उजेड येतो त्यात शाळेच्या भिंती दिसेनाशा होतात, काका दिसेनासे होतात. फक्त त्यांचा आवाज येतो.

"हात पुढे कर, बाय. डावा. उघडा ठेव."

तळहातावर काहीतरी ठेवलं जातं. गरम, नुकतं पडलेलं.

"आता मूठ आवळ. घट्ट. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

मी मूठ आवळते. चटका बसतो आणि मी सोडत नाही. ते सांगायची वाट पाहते. मशीनचा आवाज मंद होत जातो. दाबतो, थांबतो, सुटतो. वाट पाहते.

पंखा फिरतोय.

सव्वाचार झालेत. यादी सोफ्याखाली जाऊन पडली आहे. माझी डावी मूठ छातीशी आवळलेली आहे, इतकी घट्ट, की बोटं सरळ करताना कळ येते. मूठ रिकामी आहे. मी कुशीवर वळून उजव्या हाताने फोन उचलते.

"तस्नीम, मंदा ठेवूया."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबतो. "ताई, सहाच साचे आहेत ना?"

"कॅप्टन यादीत दोनदा आहे. एकदा हेल्मेट घालून, एकदा न घालता. एक कॅप्टन पुरे."

"साहेब ऐकतील?"

"उद्या मी भांडणार आहे."

ती म्हणते, "मला वाटलं होतं, मंदा गेली. काल तिचं चित्र फाडून टाकलं मी."

"पुन्हा काढशील?"

"आत्ता बसते. ताई, त्या मातीत एखादा कोंब दाखवू का? मला मागेच सुचलं होतं, पण म्हटलं कशाला."

"दाखव," मी म्हणते.

फोन ठेवून मी खिडकीपाशी जाते आणि डावा तळहात उन्हात धरते. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत लालसर ठसा उमटलाय. दोन बूट, कमरेचा पट्टा, खांदे, कानावरचे हेडफोन. माझा सगळा संच आतल्या खोलीत काचेच्या कपाटात आहे, त्याला कुलूप आहे, आणि हा ठसा त्यातल्या कुणाचाच नाही. मी मोजपट्टी आणून लावून बघते. पावणेचार इंच. 'नौका तेरा'च्या सगळ्या आकृत्या एवढ्याच उंचीच्या होत्या.

तिचा एक हात वर केलेला आहे, पंजा उघडा. तो माझ्या तर्जनीच्या मुळाशी उमटलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. मी भिंग आणते. पाच बोटं वेगवेगळी दिसतात. भिंग आणखी जवळ नेते, श्वास धरून ठेवते, आणि त्या दाण्याएवढ्या पंज्यावर मला हाताच्या रेषा दिसतात.