वांग्याची गाय

आधीच सांगून टाकतो — भूतखेत, उतारे, अंगात येणं यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. घरचे म्हणतात, माझा विश्वास फक्त बाजारभावावर आहे, आणि तो रोज सकाळी मोडतो. अशा माणसाची झोप एका वांग्याने उडवावी, हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

शेलूबाजारपासून तीन किलोमीटरवर आमचा भाजीचा मळा. घर तिथेच. पल्लवी आमची एकुलती एक. मोबाइलवर सारखी जपानी ॲनिमे बघायची. कार्टून म्हटलं की चिडायची, म्हणून मी मुद्दाम म्हणायचो, "या कार्टूनायचे डोळे बशीएवढे काहून असतात वं?"

एकदा वांगी तोडताना तिने सांगितलं, "बाबा, जपानातबी पितर घरी येतात. काकडीले काड्यायचे पाय लावून घोडा करतात अन् वांग्याची गाय. येताना घोड्यावर लवकर येतात. जाताना गाईवर, हळूहळू."

"मंग आपल्याकडं लय पितर येतीन. वांगेच वांगे हायेत," मी म्हणालो. केवढा विनोद केला असं वाटलं तेव्हा.

तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं. अकोल्याला पोचेपर्यंत... असो. अठरा वर्षांची होती.

पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला माझी बायको वंदना पल्लवीच्या नावाचं पान वाढायला निघाली. माझ्या थोरल्या बहिणीने हात धरला. "कुवाऱ्या पोरीचं पान नसते वाढत बाई. आपल्यात रीत नाही."

वंदनाने हात सोडवला. मळ्यात गेली, एक काकडी अन् एक वांगं तोडून आणलं, खराट्याच्या काड्या मोडल्या. "आपल्यात नाही ना? तिच्या जपानात हाय."

घोडा करायचं काम माझ्याकडे आलं. चार पाय चार मापांचे झाले. "पोट्टी पडन ना त्याच्यावरून!" वंदना म्हणाली आणि हसली — वर्षभरात पहिल्यांदा. मग तशीच रडली.

दोन्ही जनावरं दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली, तोंडं घराकडे. मी म्हटलं, "गाय जायासाठी असते, तिचं तोंड भाईर पायजे."

"राहू द्या."

काकडीला तिसऱ्या दिवशी पाणी सुटलं. वांगं मात्र... तीस वर्षं वांगी पिकवतोय हो. तोडलेलं वांगं चार-पाच दिवसांत सुरकुततं. हे पंधराव्या दिवशीही चकचकीत, देठ हिरवागार. त्याच झाडाची बाकीची टोपलीत सडली. कृषी केंद्रवाला मित्र म्हणाला, फवारणीचा इफेक्ट. मी मान डोलावली. तरी मळ्यात जाताना, आसपास कोणी नाही असं बघून, मी त्या वांग्याला "येतो वं" म्हणू लागलो होतो.

वंदना त्याच्यापाशी बसून जेवायची, गावातल्या गोष्टी सांगायची. घराबाहेर पाऊल टाकेना. दिवाळी आली, भावाचे चार फोन झाले, तरी भाऊबीजेला गेली नाही. "पोरगी घरी हाय. मी कशी जाऊ?"

मला भीती वाटली ती वांग्याची नाही, या वाक्याची.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारची लेक माहेरपण आटोपून सासरी निघाली. "येतो काकू!" ऑटो वळणाआड जाईपर्यंत वंदना फाटकाशी उभी होती. आत आली ती तांदूळ, हळदीकुंकू, खोबऱ्याची वाटी घेऊनच. कोनाड्यात त्या गाईपुढे ओटी ठेवली.

"गाडीत बसलेल्या पोरीचा पदर धरून ठेवल्यावानी केलं म्या," ती म्हणाली. "फिरवा तिचं तोंड."

"तू फिरव."

"माह्या हातानं होत नाही."

मी फिरवलं. एवढ्याशा वांग्याला दोन्ही हात लागले.

सकाळचे दहा वाजले असतील. दुपारी जेवायला आलो, तर कोनाड्यात सुपारीएवढं काळं, वाळून खडखडीत झालेलं काहीतरी चार काड्यांवर उभं. महिन्याभराचं वाळणं त्याने एका सकाळीत उरकलं होतं.

वंदनाने ते पदरात घेतलं आणि वांग्याच्याच वाफ्यात पुरलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून भावाकडे गेली. आता बरी आहे. जेवते, बाजारात येते, वांग्याच्या भावावरून माझ्याशी भांडते.

वांगं का टिकलं, का वाळलं, मला माहीत नाही. कोणी सांगितलं तरी माझं समाधान होईल असं वाटत नाही. कारण मला छळतं ते वेगळंच आहे. तिने सांगितलं म्हणून फिरवलं खरं, पण हात माझे होते... "आजचा दिवस राहू दे, उद्या पाठवू" एवढं म्हणायला मला काय झालं होतं?