नुसता धरणारा भाग

मंडळी, आज सकाळी लेकीने मला रडवलं, तेही स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमवरून!

सईची उद्या एमएस्सीची तोंडी परीक्षा. म्हणून डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात मीच परीक्षक झाले. तिने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे चित्र काढलं: दोन गोळे आणि मधे लवचिक दोरी. म्हणाली, "हा भाग स्टार्च तोडतो. तो दुसरा भाग काही तोडत नाही, नुसता स्टार्चच्या कणाला धरून ठेवतो."

'नुसता' ऐकलं आणि मला नौपाड्यातलं माहेर आठवलं. कच्च्या फणसाची भाजी असली की बाबा गोणपाटात फणस घट्ट धरून बसायचे आणि आई कोयत्याला तेल लावून तो फोडायची. आम्ही भावंडं चिडवायचो, "बाबा, सगळं काम आई करते. तुम्ही नुसते धरता!" बाबा हसायचे, पण हात ढिला सोडायचे नाहीत.

मी सईला विचारलं, "आणि तो धरणारा भाग काढून टाकला तर?"

"विरघळलेला स्टार्च तुटतो गं, आई. पण घट्ट कणांवर त्याचं फारसं चालत नाही."

मी लगेच आईला फोन लावला. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. म्हटलं, "फणसाची भाजी करतेस का गं हल्ली?"

"फोडता येतो की मला अजून," आई म्हणाली. "धरणार कोण?"

रविवारी फणस घेऊन नौपाड्याला जातेय. कोयता आईच्याच हातात असेल.

तुमच्या घरी नुसतं धरून बसणारं कोण होतं हो?