अळणी भगर

गोड बोलणाऱ्या माणसांची मला चीड आहे, ती आमच्या ठाण्याच्या एका शेजाऱ्यांमुळे. एका औषध कारखान्यात उंदरांना सैंधव चारून काय होतं ते पाहणं, हे त्यांचं काम. त्याच कारखान्याच्या सैंधवाच्या पुड्या ते घरोघरी द्यायचे. आईला म्हणायचे, "मिठागरातलं मीठ सोडा काकू, हे कितीही खा. निसर्गाचंच ना ते." आईचे पाय सुजले, तेव्हा "वयानं होतं" म्हणून आणखी एक पुडी दिली.

एकादशीला त्यांनी मला फराळाला बोलावलं. भगर अळणी होती. मी सैंधव मागितलं.

"आमच्याकडे आणतच नाही," त्यांची बायको म्हणाली. "उंदीर सुजून मरतात म्हणे त्यानं."

शेजारी खाली मान घालून खात राहिले. मी भरल्या पानावरून उठलो.