मिरजगावच्या लग्नातले फिके लाडू

मिरजगावला जायचं ठरलं ते कमलच्या लग्नासाठी. कमल ही किसनची धाकटी बहीण, आणि किसन माझा कॉलेजातला खोलीमित्र. साल १९७१. माझी बायको सुधा तेव्हा पुण्यात मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायची.

सकाळच्या एसटीने शिवाजीनगरहून निघालो. शिरूरला घोडनदी ओलांडली की हवा कोरडी होते, आणि सुप्याच्या पुढेही दोन्हीकडे माळच माळ. नगरला गाडी बदलली. सोलापूर रस्ता तेव्हा इतका अरुंद, की समोरून ट्रक आला की एसटी खाली मातीत उतरायची आणि गाडीभर धूळ. रुईछत्तिशीला गुळाचा चहा मिळाला, चांगला होता. त्या बाजूला उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी सोबत ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.

पोचलो तर मांडवामागे चुलाण पेटलेलं, आचारी बुंदीचं पीठ भिजवतोय. शेजारी कागदाच्या पुडीत पिवळीजर्द भुकटी.

"कसला रंग हा?" सुधाने विचारलं.

"लाडवाचा, बाई."

"पुडीवर नाव नाही, काही नाही."

"बाजारात अशीच मिळती. समदे ह्योच वापरत्यात."

कापडाला लावायचा एक पिवळा रंग स्वस्त पडतो म्हणून मिठाईत घालतात, आणि तो पोटात जाणं वाईट, हे सुधा वर्गात शिकवायची. तिने किसनला सोनाराकडून थोडं तेजाब, म्हणजे ॲसिड, आणायला लावलं. चिमूटभर भुकटी पाण्यात विरघळवून वर थेंब टाकले. पिवळं पाणी जांभळट गुलाबी झालं, म्हणजे तोच कापडाचा रंग. (तेजाब भाजतं, घरी हे करून पाहू नका.)

किसनचे वडील, आप्पा, जवळ उभे राहून बघत होते.

"इख हाय का ह्ये? जहर?"

"एका लाडवाने लगेच काही होणार नाही, आप्पा. पण खायचा रंग नाही हा. पंगतीला लहान मुलं बसणार."

"आन् रंगच न्हाई घातला तर?"

"फिके दिसतील. चव तीच."

किसन हळूच म्हणाला, "वरपक्ष नावं ठेवील, वहिनी. बेसनातबी हात आखडला म्हनत्याल."

आप्पा पुढे झाले. पुडी उचलून चुलाणात टाकली आणि आचाऱ्याला म्हणाले, "तशीच पाड बुंदी."

दुसऱ्या दिवशी पंगतीत नवऱ्यामुलाच्या चुलत्यांनी लाडू उचलून चारचौघांना दाखवला. "पाव्हणं, लाडू आजारी हाय का? रंग पार उडालाय!"

हशा पिकला. आप्पा वाढता वाढता थांबले.

"रंग चांगला नव्हता, म्हनून घातला न्हाई. तुमच्याबी लेकरांनी खायचं हुतं."

भरल्या पंगतीत मिळालेलं हे उत्तर चुलत्यांना झोंबलं. ते ताटावरून उठले. आप्पा त्यांच्यामागे मांडवाबाहेर गेले, हात जोडले. ते आले नाहीत. बाकीची पंगत जेवली. मुलांनी लाडू मागून मागून घेतले, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कमल मुंडावळ्यांआडून सगळं बघत होती. पाठवणीला सुधा तिच्यासमोर गेलीच नाही.

परतीच्या एसटीत सुधा म्हणाली, "दुसऱ्याच्या घरचं कार्य. मी बोलायला नको होतं का?"

घरी आल्यावर आमच्याकडे भडक रंगाची मिठाई यायची बंद झाली, ती आजतागायत. मिठाईवाला काय घालतो ते विचारायची सवयही तेव्हाची. चवीचं म्हणाल तर काही अडलं नाही. राहिला तो सुधाचा प्रश्न.

दिवाळीनंतर कमल नवऱ्याबरोबर पुण्यात आमच्याकडे आली. फराळाचं ताट पुढे ठेवताना सुधाने धीर करून विचारलं, "माझ्यामुळे सासरी बोलणी खावी लागली का गं?"

"लागली की, वहिनी." कमल हसली. "पन सुनेला बोलनी कशावरूनबी खावीच लागत्यात. ह्या टायमाला कारन तरी धड हुतं."