उठवायचं काम

याकोबराव साळवे यांची माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी मला उठवलं तेव्हा. रेल्वेतल्या बदलीमुळे नुकताच दुर्गला आलो होतो. मरोद्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उपासनेला उशिरा पोचलो. वेदीजवळची खुर्ची रिकामी दिसली, म्हणून तिच्यावरचा काटेरी मुकुट खाली ठेवून मी खुशाल बसलो. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, उठा. थे राजाची आहे."

तो ख्रिस्तराजाचा रविवार होता. पोलादाच्या प्लांटमध्ये तेव्हा क्रेन चालवणारे याकोबराव दर वर्षी बाभळीचे काटे स्वतः तोडून तो मुकुट वळतात आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवतात. "आपला राजा कोणाले उठवून बसला नाही," असं ते उपदेशात सांगत. माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा ड्यूटी सुटली की ते सायकलवरून डबा आणत. आभार मानले की चिडत.

पुढचं या गौरव अंकाच्या संपादक मंडळाला रुचणार नाही. छापायचं नसेल तर लेख परत करावा.

तीन वर्षांपूर्वी कबरस्तानाच्या भिंतीला परवानगी हवी होती, म्हणून त्याच रविवारी आपल्या समितीने एका पुढाऱ्याला बोलावलं. मुकुट उचलून खिडकीत ठेवला आणि साहेबांना त्या खुर्चीवर बसवलं. कोणी? मी. समितीचा सचिव. एकदा तिथून उठवलेला माणूस.

याकोबरावांनी खिडकीतला मुकुट आणून दोन्ही हातांनी पुढाऱ्यापुढे धरला. "बसलेच आहात तर हेही घ्या. दोन्ही संगंच आहे." साहेब हसले, घड्याळ पाहिलं आणि निघून गेले.

परवानगी आली नाही. आम्ही शूरवीरांनी राग काढला तो याकोबरावांवर. उपदेश करणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं. तेव्हापासून ते शेवटच्या बाकावर बसतात. मुकुट मात्र दर वर्षी वळून आणतात.

आणि आता त्यांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला अध्यक्ष कोण, तर तेच पुढारी. मंचावर खुर्चीही तीच, कारण उंच पाठीची आपल्याकडे एकच आहे. थोडी तरी लाज वाटायला हवी होती आपल्याला. मी याकोबरावांना म्हणालो, तुम्ही येऊच नका. ते म्हणाले, "कावून नाही येणार? मंडळी माझीच आहे. पण मी आता थकलो, कोणाले उठवून नाही राहिलो."

तर समितीने ऐकून ठेवावं. त्या दिवशी खुर्चीवर मुकुट असेल आणि शेजारी मी उभा असेन.

याकोबराव, तुम्हाला शंभरी लाभो. गुडघे धड राहोत, बाभळीपर्यंतची चाल सुटू नये. उठवायचं काम यंदापासून माझ्याकडे.