बुटाखालचा कांदा
घरात कांदा चिरल्याचा वास सुटला की मला तो व्यापारी आठवतो. लिलावात वडलांच्या ढिगातला कांदा तो बुटाखाली चिरडायचा आणि ‘हलका माल’ म्हणून पुढं जायचा. वडील खाली मान घालून तो चिरडलेला कांदा उचलायचे. पुढं सरकारी योजनेतून पिंपळवंडीत आमच्या शेतकरी गटाची प्रतवारीची शेड उभी राहिली आणि शहरातले खरेदीदार थेट दारात यायला लागले. एक दिवस तोच व्यापारी टेम्पो घेऊन आला. मी त्याच्या बुटापाशी कांदा ठेवला. “शेठ, चिरडून बघा की.” तो ओशाळून म्हणाला, “एवढा चांगला माल कोण तुडवतं, भाऊ?” “आमच्या वडलांचाबी असाच व्हता.” टेम्पो रिकामाच परत धाडला. कांद्यानं घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला अजून हसू येतं.