मॅडमचा भित्रा अंदाज

सर्किटचा नकाशा समोर आला की मॅडम आधी त्यावर हात ठेवायच्या, बोटांच्या फटीतून एकच कपॅसिटर दिसेल असा. "सगळ्यायले एकदम विचारलं तं कोनीच खरं सांगत नाही," त्या म्हणायच्या. "एकेकाले विचारा, तू किती उशीर करून राहिला?"

बीरगांवजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात त्या डिझाइन पाहायच्या. राज्य नवं, राजधानी नवी, कामाला जोर होता. कपॅसिटर सिग्नलला जरासा थोपवून धरतो, एवढं तुम्ही लक्षात ठेवा. बाकीचे नाहीतच असं धरून मॅडम एकाचा उशीर काढायच्या, मग दुसऱ्याचा, शेवटी बेरीज. त्यावरून सर्किट किती वेगाचा सिग्नल पेलेल, ते सांगून मोकळ्या. आमचा कॉम्प्युटर तोवर सुरूच होत असायचा. मी थक्क व्हायचो.

"माहा अंदाज भित्रा आहे," त्या हसायच्या. "कमीच सांगते. सर्किट त्याहून चांगलंच निघते."

एकदा मात्र उलटं झालं. जमिनीखालच्या वीजतारेतला बिघाड शोधणाऱ्या यंत्राची ऑर्डर होती आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तपासायला येणार होतं. त्याच्या सर्किटांचे बोर्ड मोजले, तर वेग मॅडमच्या अंदाजाहूनही कमी! ऑर्डर हातची गेली असती तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. शेटजी हताश होऊन म्हणाले, "मैडम, सब फेंक दो. कल मना कर देते हैं."

मॅडम बोर्डाकडे बघतही नव्हत्या. "अंदाजाहून कमी येऊच शकत नाही. म्हणजे कोनीतरी मोजाचं राहिलं."

मग त्यांची नजर केबलवर गेली. आमचा प्रोब, म्हणजे मोजताना बोर्डाला टेकवायची खास सुई, बिघडला होता, म्हणून सगळे साधी केबल लावून मोजत होतो. केबल म्हणजेही एक कपॅसिटरच, आणि हाच सगळ्यांत मोठा आळशी.

शेजारच्या कारखान्यातून प्रोब मागवला. तो टेकवायच्या आधी मॅडमनी बोर्डावरचे कपॅसिटर पुन्हा एकेक करून बोटानं मोजले.

"मॅडम, तुम्हाला तर खात्री आहे ना?"

"गणिताची आहे. माह्याच्यानं आणखी कोनी सुटलं नसंन, याची कशी देऊ?"

आकडा त्यांच्या अंदाजाच्या जरासा वर जाऊन थांबला. शेटजींनी चक्क हात जोडले.

ऑर्डर टिकली, कारखाना टिकला. मॅडम गेल्या वर्षी गेल्या. सर्किटच्या इतकं आत पाहणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. आठवतो तो मात्र त्या दुपारचा त्यांचा चेहरा. सगळे मिठाईच्या गोष्टी करत होते आणि त्या मोजायच्या यंत्राच्या पडद्यासमोरून हलायला तयार नव्हत्या.

"पुन्हा एकदा मोज ना रे," त्या मला म्हणाल्या. "मले पाहू दे."